उजवीकडची गुणगुण

मस्कतहून आणलेले दोन स्पीकर प्लासिडने पापडी गावातल्या घरात असे काही बसवले होते की, भिंतीवरच्या क्रुसाखाली उभं राहून कोणी व्हायोलिन वाजवतंय असं वाटावं. समोर उजवीकडे वेताच्या खुर्चीत बसून त्याची बायको पॉलिन त्या सुरात गुणगुणायची, आणि तो वैतागायचा.

ईस्टरच्या आधी पॉलिन वारली. पावसाळा सरल्यावर त्याने पहिल्यांदा व्हायोलिनची रेकॉर्ड लावली.

चहा घेऊन आलेली त्याची लेक रोझमेरी दारातच थबकली. "पप्पा, उजवीकडे काहीतरी गुणगुणतंय. वायर बघा तुमची."

ते त्यालाही ऐकू येत होतं. दोष असेल तर वायरींची अदलाबदल केल्यावर तो डावीकडे जायला हवा. त्याने अदलाबदल केली. गुणगुण उजवीकडेच राहिली. मग त्याने उजवा स्पीकरच उचलून ओटीवर नेऊन ठेवला. तरीही गुणगुण खुर्चीपाशीच होती.

खुर्चीकडे पाठ करून तो बटणं फिरवत बसला. व्हायोलिन आता कुठे नीट लागत होतं. सवयीने तोंडातून निघून गेलं, "पॉलिन, गप्प बस गं जरा!"

गुणगुण थांबली.

व्हायोलिन एकटंच वाजत होतं, इतकं स्वच्छ की प्लासिडला ते सोसवेना.

"गा गं," तो मागे न बघता म्हणाला. "गा ना. मी काय बोलत नाय."

मागे वेताची खुर्ची करकरली, बसलेलं माणूस उठून जाताना करकरते तशी.