ओहोटीच्या आत

"वल्ही वर!" वुल्फस्टान दबक्या आवाजात म्हणाला, आणि गलबत आपसूक खाडीत सरकलं. पुढच्या टोकाला लाकडी नाग जबडा वासून होता. दोन्ही बाजूंना ढाली टांगलेल्या.

किनाऱ्यावर एक म्हातारा जाळं वाळत घालत होता. नागाचं तोंड पाहून त्याने आनंदाने हात हलवला. मग माणसांचे चेहरे दिसले, आणि तो बोंब मारत वस्तीकडे पळाला.

"तरणा गडी एकही नाही इथे," वुल्फस्टानने आपल्या वीस जणांना बजावलं. "उन्हाळा आहे, सगळे समुद्रावर गेलेत. चांदीला हात लावायचा नाही. माणसं उचलायची. बायका-पोरं आधी."

"चांदी सोडायची?" ओसवी कुरकुरला. "एवढा समुद्र तुडवून?"

"ओझं होतं तिचं. ओहोटीच्या आत निघायचंय."

गुडघाभर पाण्यात उड्या पडल्या. कुऱ्हाडीच्या घावांनी वस्तीतल्या मोठ्या घराचं दार फुटलं. आत एका थेरड्याने भाला रोखला. ओसवीने तो हिसकावला आणि म्हाताऱ्याला दंड धरून बाकावर बसवलं.

"माझे लेक परत येऊ देत," म्हातारा थुंकला, "कातडी सोलतील तुमची!"

"येऊ देत की, आजोबा. तोवर आम्ही घरी जेवायला बसलेले असू."

लोकर विणायच्या कोठारातून केस भादरलेल्या नऊ बायका बाहेर आल्या. पोरांना काखोटीला मारलं. वुल्फस्टान प्रत्येकीचं तोंड निरखत होता. त्याचा चेहरा उतरत गेला.

"एवढ्याच?"

"एक वर कुरणात आहे," त्यांच्यातली एक हळूच म्हणाली.

"वुल्फ, पाणी उतरतंय!" ओसवी ओरडला. "आणि ती बघ, दोन शिडं!"

वुल्फस्टान तोवर चढणीला लागला होता. मेंढ्यांच्या कळपात एक बाई सहा वर्षांच्या मुलीला कवटाळून उभी होती. तो थेट तिच्यापाशी गेला. मुलीला खांद्यावर टाकलं, बाईचं मनगट धरलं आणि उतारावरून धावत सुटला. मुलगी किंचाळत त्याच्या पाठीवर बुक्के मारत होती.

बायका-पोरांना गलबताच्या तळाशी निजवून वर जुनं शीड पांघरलं. दोन्ही गलबतं अगदी शेजारून गेली. त्यांच्यावरच्या योद्ध्यांनी नाग पाहून, आपलंच गलबत समजून हात हलवला. ओसवीनेही हसून हलवला.

खाडी मागे पडली, वारा शिडात भरला आणि वीसच्या वीस गळ्यांतून आरोळी उठली. कुणी ढाली बडवल्या, कुणी वल्ही टाकून नाचू लागलं. वुल्फस्टान मात्र सुकाणूला टेकून लहान पोरासारखा रडत होता.

मुलगी आईला बिलगली. "आई, हे दरोडेखोर आपल्याला कुठे नेतायत?"

"दरोडेखोर मागे राहिले, बाळा," आई म्हणाली. "हा तुझा मामा. त्यांनी आम्हा सगळ्यांना पळवून आणून, केस भादरून दासी केलं त्याला सात वर्षं झाली, आज तो मला माहेरी न्यायला आलाय."