हात न लावलेली मोटार

गुरुलिंग मिस्त्रीनं ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. चौसष्ट सालच्या त्या काळ्या मोटारीत ब्रेक होते ते नुसते नावाला.

"मालक, हिला ब्रेकच न्हाईत हो," खाली उतरत तो म्हणाला. "लायनर संपल्यात, रबरं कुजल्यात. बदलाय लागतील."

युवराज पाटलांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. करकंबच्या उसावर त्यांनी सोलापुरात बंगला बांधला होता आणि आजोबांची ही मोटार त्या बंगल्याची शान होती. रविवारी शहरात जुन्या मोटारींची फेरी निघणार होती. जिचा एकही भाग बदललेला नाही, अशा गाडीला खास चषक होता.

"महिपतीआजोबांनी घेतली तशीच हाय ही," पाटील म्हणाले. "एक स्क्रू बदलायचा न्हाय. नुसती चालू करून द्या."

पाटलांची निष्ठा मोठी कडक. डॅशबोर्डमागं उंदरांनी केलेलं घरटं त्यांनी मोडू दिलं नव्हतं. दारावरचा गंज पुसायला गेलेल्या बायकोला, ऋतुजाला, फडकं खाली टाकायला लावलं होतं. याच माणसानं बंगल्याची फरशी तीन वर्षांत दोनदा उखडली होती, आणि त्यांच्या केसांचा मूळ रंग कोणता हे घरातसुद्धा कुणाला आठवत नव्हतं. पण मोटारीची गोष्ट वेगळी. तिचं सोवळं मोडायचं नाही.

"गाडीत कोण कोण बसणार?" गुरुलिंगनं विचारलं.

"मी, ऋतुजा आन् आमची धाकटी."

"फेरी आसरा पुलावरनं जाणार न्हवं? लई उतार हाय की वो तितं!"

"आमचं आजोबा काय उडत जात व्हते? ह्याच ब्रेकवर त्यांनी अख्खा जिल्हा पालथा घातलाय," पाटील म्हणाले आणि निघून गेले.

पस्तीस वर्षांत गुरुलिंगनं मालकाला न विचारता साधं वायसरसुद्धा बदललं नव्हतं. त्याच्या गॅरेजचं नाव चालायचं ते याच गोष्टीवर. पण शनिवारी दुपारी त्याला सारखी ती धाकटी दिसायला लागली, खिडकीतून हात हलवत उतारानं खाली येणारी. नाव गेलं खड्ड्यात, असं म्हणून त्यानं चारी चाकं उतरवली. आत नवे लायनर घातले, नवी रबरं घातली. वर झाकणं जुनीच लावली आणि बोल्टांवर जुनं ग्रीस नि माती चोपडली. काढलेले तुकडे भंगारात टाकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गिऱ्हाइकाला फसवलं होतं आणि त्याला त्याची लाजही वाटत होती.

रविवारी पुण्याहून परीक्षक आले. त्यांनी भिंग लावून गंज तपासला. उंदरांचं घरटं तर त्यांना इतकं आवडलं की त्याचा त्यांनी फोटो काढला. मग फेरी निघाली. पुलाच्या उतारावर पाटलांची मोटार वेगात आली आणि नेमकी तेव्हाच एक म्हैस रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. म्हशीला फेरीचं आमंत्रण नव्हतं. पाटलांनी ब्रेक दाबला. मोटार म्हशीपासून वीतभर अंतरावर गपकन थांबली. ऋतुजा पांढरीफटक पडली, धाकटी मात्र टाळ्या पिटत होती. कडेला उभा असलेला गुरुलिंग आनंदानं रडायला लागला.

संध्याकाळी पाटलांनी एका हातात चषक घेतला, दुसऱ्या हातात माइक.

"साठ वर्षांचे ब्रेक हायत, मंडळी! त्या काळचं लोखंडच वेगळं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं सांगावं तर चषक जाणार, नाही सांगितलं तर कुणाचं काय बिघडतंय? तीन जीव वाचले होते, म्हैस धरून चार. गुरुलिंग गप्प बसला.

सोमवारी सकाळी तो गॅरेजवर आला तेव्हा शटरसमोर चार जुन्या मोटारी ओळीनं उभ्या होत्या. गेल्या वर्षी हातापाया पडून त्यानंच या चौघींना नवे ब्रेक बसवले होते. पहिल्या गाडीतून डॉक्टर विरुपाक्ष उतरले. त्यांच्या हातात पेपरात गुंडाळलेलं बोचकं होतं. काढलेला भाग मालकाच्या हातात द्यायचा, ही गुरुलिंगचीच शिस्त.

"मिस्त्री, तुमचे ते नवे ब्रेक काढा आणि हे आमचे जुने परत बसवा," डॉक्टर म्हणाले.

गुरुलिंगनं हात जोडले.

"डॉक्टर, आईशप्पत खरं सांगतो. पाटलांच्या गाडीत नवेच ब्रेक हायत. शनिवारी मीच बसवले, चोरून."

चौघेही मालक हसले. डॉक्टरांनी समजुतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"धंद्यापायी असं खोटं बोलू नये, मिस्त्री. नवे असते तर गाडी थांबली असती का?"