जिन्यावरची काच

सुलभाताईंनी बूट पोर्चच्या पायरीवरच काढले. मिशिगनच्या थंडीत ती लाकडी पायरी बर्फासारखी गार होती, तरी काढले.

नको, राहू द्या, असं एडिथबाई म्हणाल्या. सुलभाताईंना इंग्रजी येत नाही. त्या नुसत्या हसल्या.

नोव्हाय शहरापासून तासाभरावरच्या या गावातलं आपलं जुनं व्हिक्टोरियन घर एडिथबाई विकायला निघाल्या होत्या. गुडघे गेले, जिना चढवत नाही. पण आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांनी हाकलून लावलं होतं. त्यांच्या आजोबांनी दिवाणखान्याचं अख्खं छत रंगवलं होतं. आजीनं जिन्यावरच्या खिडकीत रंगीत काच जोडली होती. आत्यांनी तर दारांमागे, कपाटांच्या आत, मिळेल तिथं चित्रं काढली होती. भिंतीवरचं चित्र काय उचलून नेता येतं? आणि घर पाडायला गावाचा कायदा आड येत नव्हता. सगळं घेणाऱ्याच्या मनावर होतं.

सुलभाताईंचा मुलगा सिद्धेश अंगणातच फोनवर बोलत फेऱ्या मारत होता, झाडापासून कुंपणापर्यंत. मला कलेतलं काही कळत नाही, आई बघेल, असं त्यानं आधीच सांगून टाकलं होतं.

सुलभाताईंनी पर्समधून करंडा काढला, उंबऱ्याला कुंकवाचं बोट लावलं, वाकून डोकं टेकलं आणि मगच आत गेल्या.

छताखाली त्या थांबल्या त्या थांबल्याच. वर पहाटेचं आभाळ आणि शेकडो पक्षी, एकासारखा दुसरा नाही. एकाची चोच उघडी होती. आता ओरडेल असं वाटावं. जिन्यावरच्या काचेतून ऊन उतरलं आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर निळं-केशरी सांडलं. त्यांनी हात पुढे करून तो रंग तळव्यावर धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

एडिथबाईंनी वॉव म्हणणारे पाहिले होते, फोटो काढणारे पाहिले होते, भिंत ठोकून बघणारेही. असं कोणी पाहिलं नव्हतं.

सिद्धेश आत आला. सुलभाताई त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. "आई म्हणते, इथं देव राहतो," त्यानं सांगितलं.

घरात काय काय बदलाल, असं एडिथबाईंनी विचारलं. सिद्धेशनं ते आईला मराठीत सांगितलं.

"एकाही भिंतीला ब्रश लागणार नाही, म्हणावं."

एडिथबाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ आजोबांच्या आभाळाकडे बघत राहिल्या. मग सुलभाताईंचा हात ओढून स्वतःच्या गालाला लावला.

"उद्याच वकिलाला बोलावते," त्या म्हणाल्या. "आता मी सुखानं जाईन."

गाडी हायवेला लागली. सुलभाताईंनी करंडा टिश्यूत गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवला. तो तिथंच असायचा.

"काय घर आहे रे," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगावर अजून काटा आहे. मागची दोन याच्यापुढे काहीच नव्हती."

"खरंय, आई."

"पाडायच्या आधी जिन्यावरची काच तेवढी काढून घे. माझ्या देवघराला लावू."