वॉकरची बारा पावलं

"चौदा महिने झाले, चहाचा घोट न्हाई. डोस्कं नुसतं ठणकून राहिलंय," शिवम्मा शेजारणीला सांगत होत्या. पलीकडच्या खाटेवर त्यांची सून सुकन्या जागीच होती.

गच्चीवर डाळ वाळवताना सुकन्या खाली पडली, पाठीचा मणका मोडला आणि कमरेखालचं अंग गेलं. ती चालेपर्यंत, असा नवस बोलून सासूबाईंनी चहा सोडला, दिरानं चप्पल. तो आडत बाजारात अनवाणी फिरे आणि अख्खं लातूर हळहळे, त्याच्या पायांसाठी! सुकन्या रोज पायांना पट्टे बांधून, दातओठ खाऊन उभं राहायला शिकत होती. पण हाल म्हणाल तर सगळे त्या दोघांचे.

परवा ती वॉकर धरून बारा पावलं चालली. घरात लगेच खल सुरू झाला, की हे देव धरील का?

"लोखंडाला धरून चाललेलं नवसात कसं बसंल?" शिवम्मा म्हणाल्या. "सोड बाई हात. दोनच पावलं टाक, म्हंजी आमी मोकळे."

दिरानं व्हिडिओसाठी मोबाइल धरला. नवरा, वीरेश, भिंतीकडं बघत राहिला. दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टर काय म्हणाले, ते सगळ्यांनी ऐकलं होतं आणि त्या दिवसापासून कुणी उच्चारलं नव्हतं.

सुकन्यानं मूठ आणखी आवळली.


"हा वॉकर मला मरेपर्यंत लागणार हाय, आत्याबाई. हेच माझं चालणं. देवाला पटत नसंल तर त्यानं येऊन सांगावं, तुमी नगा सांगू."