आखाड्याकडे पाठ

"आबा, दिवा पिवळा झाला," अश्विनी दबक्या आवाजात म्हणाली.

वस्ताद रंगरावांच्या गळ्याखाली, कातडीच्या आत, मुगाएवढा दिवा होता. हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या निकामी भागावर डॉक्टरांनी त्यांच्याच पेशींतून वाढवलेला तुकडा शिवला होता. बेताच्या कष्टाने तो बळकट होई, दिवा हिरवा राही. धास्तीने तो आखडे आणि दिवा लाल होई. लाल फार वेळ टिकला, तर तुकडा रुजणार नव्हता.

आणि आता आखाड्यात त्यांची नात उतरली होती.

"घरी चला." अश्विनीने बापाचा दंड धरला.

"पोरीला एकटी टाकून? खुळी का काय तू, अशे?"

वस्तादांनी आखाड्याकडे पाठ फिरवली, धोतराचा काचा मारला आणि भिंतीकडे बघत संथ बैठका सुरू केल्या. मागे माणसं ओरडत होती, हलगी कडकडत होती. म्हातारा एकेका श्वासाला एकेक बैठक काढत राहिला. पिवळा रंग हळूहळू हिरव्यात विरला. बापाच्या कितीतरी कुस्त्या अश्विनीने ऐकल्या होत्या. अशी कुस्ती मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती.

धप्पकन आवाज झाला. हलगीवाला वाजवतच पलीकडच्या, जिंकलेल्या पोरीच्या गोटाकडे पळाला.

वस्ताद वळले नाहीत. चालू बैठक त्यांनी पुरी केली.

"पडली न्हवं?"

"पडली, आबा."

"डाव्या पायावर भार टाकती अजून. उद्या तालमीत लवकर ये म्हणावं. दोघं मिळून बैठका मारू."

अश्विनीने आधी दिवा पाहिला, हिरवागार, आणि मगच ती लेकीकडे धावली.