कडक स्प्रिंगा

दवाखान्याच्या वॉचमनने गाडीच्या चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. बाळ पहिल्यांदा घरी निघालं होतं, कुणाची नजर लागायला नको. सिद्धार्थने हळूच गाडी काढली आणि मागे पोटाशी उशी धरून बसलेल्या तनयाच्या तोंडून "आई गं" निघालं. चाकाखाली लिंबू चिरडलं तरी आत बसलेल्याला कळावं, अशी ही दिमाखदार जर्मन गाडी. पुढच्या सीटवर तिचा नवरा पुष्कर मान खाली घालून सीटबेल्टशी खेळत राहिला.

सिझेरियनचे टाके अजून ओले होते. पुष्कर टॅक्सी सांगतो म्हणाला होता, पण सिद्धार्थने ऐकून घेतलं नाही. मित्राची लेक पहिल्या दिवशी भाड्याच्या गाडीतून घरी जाणार आणि आपली गाडी खाली नुसती उभी राहणार, हे त्याला पटणंच शक्य नव्हतं. त्याने दार उघडून धरलं, तनयाची आई हेमलताबाई नातीला घेऊन आत बसल्या. दोन नर्स पायऱ्यांपर्यंत आल्या. त्या बाळाला निरोप द्यायला आल्यात की गाडी बघायला, असा प्रश्न पुष्करला पडला. निदान आज तरी पडायला नको होता. पण दुसऱ्याचं बरं ज्याला बघवत नाही, त्याला स्वतःचं बरंही धड बघता येत नाही.

दोघं कॉलेजपासूनचे मित्र, पुण्याहून बरोबरच चेन्नईला आलेले. पुष्कर ट्रकच्या कारखान्यात स्प्रिंगांचं डिझाइन करत राहिला. सिद्धार्थ सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि वर्षभरापूर्वी त्याने ही सेकंडहँड गाडी घेतली. ती मुळात स्प्रिंगांवर उभी नव्हतीच. हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर तोललेली होती. फुगे जुने झाले, हवा सुटायला लागली. तांबरमच्या त्यांच्या सोसायटीत रोज सकाळी ती गाडी पार्किंगमध्ये म्हशीसारखी फतकल मारून बसलेली दिसायची. गॅलरीतून ते बघताना पुष्करला बिनसाखरेचा चहासुद्धा गोड लागला असता.

मग सिद्धार्थ त्याच्याकडेच आला. फुगे काढून कॉइलओव्हर बसवायचे होते, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरवर चढवलेल्या पोलादी स्प्रिंगा. त्या किती कडक हव्यात, हे पुष्करशिवाय कोण सांगणार? पुष्करने गणित मांडलं. उत्तर बरोबर आलं. मग त्याने ते दीडपट केलं आणि गिंडीच्या गॅरेजला कळवलं. गाडी उभी राहिली ती ट्रकसारखी ताठ. त्यात धोका काही नव्हता, फक्त सुख गेलं. सिद्धार्थ बिचारा म्हणाला, पोलाद ते पोलाद, त्याला हवेची सर कुठून येणार. घरी आल्यावर पुष्करने ही सगळी गंमत तनयाला हसत हसत सांगितली होती. ती हसली नव्हती.

कत्तीपाऱ्याच्या चौकात उड्डाणपुलाचं काम चाललं होतं आणि रस्ता नांगरून ठेवल्यासारखा झाला होता. प्रत्येक खड्ड्याला तनया दोन्ही हातांनी उशी दाबत होती. हेमलताबाई नातीला छातीशी धरून सारखं "हळू हो, हळू" म्हणत होत्या. सिद्धार्थ आणखी किती हळू चालवणार? मागे बसचे हॉर्न, आणि एसी चालू असूनही त्याच्या कपाळावर घाम. पुष्करने आरशात बायकोचा चेहरा पाहिला आणि सगळं सांगून टाकावंसं त्याला वाटलं. अगदी जिभेवर आलं. तेवढ्यात सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा माणूस वाकून वाकून गाडी न्याहाळायला लागला. सिद्धार्थने त्याच्याकडे बघून ओळख असल्यासारखी मान हलवली. पुष्करच्या पोटात दुखायचं तसं दुखलंच, आणि जिभेवर आलेलं त्याने गिळून टाकलं.

मीनंबाक्कमला केबलसाठी खणलेला चर वरवर माती टाकून बुजवला होता. पुढची चाकं त्यावरून गेली आणि तनयाने सिद्धार्थच्या सीटला हात लावला.

"भावजी, गाडी बाजूला घ्या. मला नाही सहन होत."

विमानतळासमोर एक जुनी अँबॅसडर टॅक्सी उभी होती, पत्रा गंजलेला, एक दिवा फुटलेला. सिद्धार्थने स्वतः उतरून तिच्या ड्रायव्हरशी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलणं केलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. त्या गाडीपायी त्याचा चेहरा असा पडलेला बघायला पुष्कर वर्षभर आसुसला होता. आता तो हातभर अंतरावर होता, आणि पुष्करला तिकडे बघवेना.

"सॉरी, पुष्कर," सिद्धार्थ म्हणाला. "तू तुझ्याकडून सगळं केलंस. माझी गाडीच तेवढ्या लायकीची नाही."

पुष्कर "अरे, असू दे" एवढंच म्हणाला.

हेमलताबाई बाळाला घेऊन टॅक्सीत बसल्या. पुष्करने तनयाला धरून धरून त्यांच्या शेजारी बसवलं. जुनी सीट खोल दबली, आणि दवाखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा तिने पाठ टेकली. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी होती. पुष्करने पुढच्या दाराला हात घातला.

"तू नको," तनया म्हणाली. "तू त्या गाडीतून ये."