येतो

"उदाहरण द्या," भीमाशंकर सर म्हणाले. "पुस्तकातलं नको, घरातलं."

एम.ए. मराठीच्या वर्गात तिघीच होत्या. त्यातल्या दोघी बाकाखाली मोबाइल धरून बसल्या होत्या, त्यामुळे सर बोलत होते ते खरं तर एकट्या अक्षराशी. फळ्यावर अभिधा, लक्षणा, व्यंजना असे तीन शब्द लिहिलेले. शब्दाचा सरळ अर्थ, वळवून घेतलेला अर्थ आणि न बोलता पोचणारा अर्थ.

अक्षरा उठली. "सर, घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत न्हाई. 'येतो' म्हणतो. सरळ अर्थ येणं. खरा अर्थ जाणं. अन् न बोललेला अर्थ, पुन्हा भेट व्हावी."

सर खूश झाले. इतकी वर्षं ते एकच संस्कृत उदाहरण घोकत आले होते. असा एक विद्यार्थी मिळाला की मास्तरकीचं सार्थक होतं, असं त्यांना मनापासून वाटलं. तसं ते त्यांना फार दिवसांनी वाटलं होतं.

तास संपला. सर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तास घेतला तरच पगार, आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. लातूरची बस चुकू नये म्हणून ते पिशवी उचलून निघाले, तशी अक्षरा दारात आडवी आली.

"सर, रविवारी मला बघायला पाहुणे यायलेत. कर्नाटकातले, भालकीकडचे. आप्पा लगेच सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं म्हणायलेत. तुम्ही घरी येऊन एवढंच सांगा, हिची परीक्षा होऊ द्या म्हणून. आप्पा तुमचं ऐकतेत. दुसऱ्या कुणाचंच न्हाई."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरच्या सोयरिकीत तोंड घालायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. उद्या तिच्या वडिलांनी संस्थाचालकांच्या कानावर घातलं, तर आहेत ते तासही जायचे. तेवढ्यात स्टँडकडून बसचा हॉर्न ऐकू आला.

"बरं, बरं," सर घाईनं म्हणाले. "येतो."

आणि गेले.

रविवारी ते नांदेडला चर्चासत्रात होते. 'शोकांतिकेतील नायिकेचे मौन' असा त्यांच्या निबंधाचा विषय. टाळ्या बऱ्या पडल्या. जेवणात गुलाबजाम होते. परतीच्या बसमध्ये त्यांनी बंद आवाजाचा मोबाइल खिशातून काढला, तर अक्षराचे कॉल येऊन गेलेले. त्यांनी उलटा लावून पाहिला. तिचा फोन बंद होता.

सोमवारी ती वर्गात नव्हती. नंतरही आली नाही. आठवडाभर सर मोबाइलवाल्या दोघींना व्यंजना शिकवत राहिले. मग मात्र त्यांना राहवेना.

चाकूरजवळच्या तिच्या गावी ते पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. घर किराणा दुकानाच्या मागंच होतं. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं, आता सुकलेलं. अक्षराचे वडील गुरुपादप्पा गल्ल्यावरून उठून सामोरे आले.

"शरणार्थ, सर! या, या. उशीर केला बघा तुम्ही." ते मोकळेपणानं हसले. "पोरगी सकाळपास्नं म्हणायली, सर येणार हायत. त्यांचं ऐकल्याबिगर सुपारी फोडू नका. दिवेलागणीपर्यंत पाहुण्यांना बसवून ठेवलं. पण किती बसवावं? शेवटी फोडली."

"आणि परीक्षा?" सरांनी विचारलं.

"तारीख परीक्षेच्या आधीचीच निघाली. अन् तिकडं मराठी शिकून काय करायचं? त्यांच्या घरात सगळे कानडीच बोलतेत." त्यांनी सरांना खुर्ची पुढं केली. "तसं तुम्ही येऊन एक शब्द टाकला असता, तर थांबलो असतो की परीक्षेपुरतं. मला कुठं घाई होती?"

दुकानात गिऱ्हाईक आलं. गुरुपादप्पा तिकडं वळले. अक्षराची आई, उमादेवी, चहा ठेवायला आत गेली आणि अक्षरा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या.

"अगं, मी 'येतो' म्हणालो ते निघताना म्हणतात तसं," सर हळूच म्हणाले. "तूच तर वर्गात सांगितलं होतंस."

"हाव, सर. कळलं होतं मला तेव्हाच." तिनं तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. "पण मला सरळ अर्थ पाहिजे होता. म्हणून तोच धरला."

सरांनी तांब्याला हातही लावला नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता. चहा न घेताच ते उठले. उंबऱ्याबाहेर चपला घालताना रोजचा शब्द ओठांवर आला आणि तिथंच अडकला.

"जातो," ते म्हणाले.

उमादेवी हातातला कप घेऊन तशीच बाहेर आली. "अगं बाई! सर, शुभकार्याच्या घरातून जातो म्हणू नये. येतो म्हणा."

"राहू दे आई," अक्षरा म्हणाली. "'जातो' ह्या शब्दाला अर्थ एकच हाय."